जहाज नं. ९१४१०७७

आप्पांच्या डायऱ्या २०१९ च्या पुरातून वाचल्या, त्या केवळ माळ्यावर होत्या म्हणून. त्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी नदीनं ५५ फूट ओलांडले. पाणी उतरल्यावर खालचं सगळं फुगून, कुजून रस्त्यावरच्या ढिगात गेलं. लग्नाचा अल्बम, दिवाण, आप्पांची खुर्ची, सगळं. माळ्यावरचा पत्र्याचा डबा तेवढा कोरडा. त्यात एकोणीस डायऱ्या निघाल्या. खिशात मावणाऱ्या, दिवाळीला फौंड्रीवाले आणि बेअरिंगवाले वाटतात तसल्या.

आप्पांचं वर्कशॉप उद्यमनगरात होतं. सुरुवातीला शेतीपंपाची ऑइल इंजिनं, पुढं ट्रक आणि ट्रॅक्टर. रिबोअरिंग, क्रँक घासणं, हेड काढून व्हॉल्व्ह बसवणं, असलं काम. डायरीत वाक्य नावाची गोष्ट नाही. इंजिन नंबर, चासी नंबर, बोअरचं माप, कुणाकडून किती येणं. घरातल्या गोष्टींचीही तीच तऱ्हा. ‘मुलगी. ६ पौंड.’ ही माझ्या बहिणीच्या जन्माची नोंद. मी जन्मलो त्या वर्षीची डायरी डब्यात नाही. त्याचं मला काही वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

मे २००८ च्या एका पानावर तीन ओळी आहेत.

जहाज नं. ९१४१०७७
मजले १३
लिंबू

पहिल्या दोन ओळी मला लगेच समजल्या. तिसरीचा अर्थ लागेना. बाजाराची यादी असेल म्हणून सोडून दिली.

२००८ ला आम्ही सिंगापूर-मलेशियाची टूर केली होती. आप्पांचा तो पहिला आणि शेवटचा परदेश. वर्कशॉप आठवडाभर बंद ठेवणं ही त्यांच्या मते त्या सहलीतली सगळ्यात महाग गोष्ट. टूरच्या शेवटी दोन रात्री जहाजावर होत्या. सुपरस्टार व्हर्गो. सिंगापूरच्या हार्बरफ्रंटहून निघायचं, समुद्रात हिंडायचं आणि परत तिथंच यायचं. त्या दहा-पंधरा वर्षांत सिंगापूरची टूर केलेल्या बऱ्याच मराठी घरांत या जहाजाच्या कठड्याला टेकून काढलेला एखादा फोटो सापडेल. गळ्यात ओळखपत्राची दोरी, डोक्यावर टूरवाल्यांची टोपी.

धक्क्यावरून पाहिलं तेव्हा ते मला जहाज वाटलंच नाही, रस्त्याच्या कडेला कुणीतरी पांढरी कॉलनी उभी केल्यासारखं वाटलं. लांबी २६८ मीटर. आमच्या गाइडनं वजन सांगितलं, पंचाहत्तर हजार टन. आप्पा म्हणाले, “काट्यावर कुणी घातलं हे?” तो हसला. पण आप्पांचा संशय बरोबर होता. जहाजाचं ‘ग्रॉस टनेज’ हे वजन नसतंच, आतल्या बंदिस्त जागेच्या आकारमानावरून काढलेला तो आकडा असतो. हे मला फार नंतर कळलं, आणि तोवर सांगायला आप्पा नव्हते.

आत गेल्यावर मी वेडाच झालो. मधोमध कित्येक मजले उंच चौक, त्यात वर-खाली करणाऱ्या काचेच्या लिफ्ट. त्याचं नाव ग्रँड पियाझा. वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव, त्याचं नाव पार्थेनॉन. पुढच्या टोकाला मोठ्या काचांचा हॉल, गॅलक्सी ऑफ द स्टार्स. हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल होतं, त्याचं नाव अर्थातच ताज. मी चौतीस वर्षांचा बाप्या, पण पहिल्या दोन तासांत सगळे मजले पायी पालथे घातले. आईला जरा बरं नव्हतं, ती खोलीत पडून होती.

आप्पांना यातलं काही नको होतं. सातव्या मजल्यावर बाहेरून जहाजाला फेरी मारता येते, डोक्यावर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. त्या वाटेनं चालत ते मागच्या टोकाला गेले आणि तिथंच थांबले. खाली पंख्यांनी घुसळलेलं पाणी पांढरं होऊन लांबवर पसरत जात होतं. रस घातलेल्या काहिलीला उकळी यावी तसा फेस. आप्पांनी आधी तळवा पोलादी भिंतीवर टेकवला. मग खिशातून चमचा काढला. न्याहारीच्या टेबलावरून उचलून आणलेला स्टीलचा चमचा.

मेस्त्री लोक इंजिनाचं दुखणं कसं ऐकतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. स्क्रूड्रायव्हरचं पातं ब्लॉकवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. कुठलं बेअरिंग वाजतंय, कुठला टॅपेट सैल आहे, सगळं ऐकू येतं. आप्पांनी चमच्याची वाटी भिंतीला लावली, दांडी कानामागं, आणि डोळे मिटले. एक गोरं जोडपं आमच्याकडं बघत बघत गेलं. मला लाज वाटली. तेव्हा वाटली, आता त्याबद्दल वाटते.

“काय म्हणतंय?” मी विचारलं.

“निवांत चाललंय,” आप्पा म्हणाले. मग म्हणाले, “घे, ऐक.”

मी ऐकलं. खोलवरून येणारी एकसारखी घूं. मोठ्या प्रवासी जहाजांत बहुधा असं असतं की डिझेल इंजिन पंख्याला सरळ जोडत नाहीत; ते जनित्र फिरवतं, त्या विजेवर मोटर चालते आणि मोटर पंखा फिरवते. म्हणून गिअर बदलल्यासारखा हिसका बसत नाही. आप्पांनी हे कुणाला न विचारता आवाजावरून ओळखलं होतं. ‘मोटर हाय शेवटाला,’ एवढंच म्हणाले. दोन दिवसांत आम्ही त्या टोकाला कितीतरी वेळ उभे राहिलो. ते बोलले त्यातलं निम्मं इंजिनाबद्दल, आणि उरलेलं अशा गोष्टींबद्दल जे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं. उद्यमनगरात पहिल्यांदा लेथवर उभं राहिले तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, हे मला मलाक्काच्या सामुद्रधुनीत कळलं.

माझं आवडतं जहाज ते असं.

आप्पा २०१७ च्या मार्चमध्ये गेले. दोन वर्षांनी पूर आला. घर उघडून परत बसवावं लागलं: प्लास्टर खरवडलं, फरशी बदलली, वायरिंग नवीन, दारं नवीन. मला सगळं होतं तसं हवं होतं. शहाबादी फरशी मिळेना तर मी गवंड्यावर चिडायचो. आईनं मात्र एकच गोष्ट मागितली, ओटा तीन इंच खाली घ्या. चाळीस वर्षं ती टाचा उंचावून भाकरी करत होती, आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

२०२४ साली आईला पंचाहत्तर पूर्ण झाली. माझी भाची दुबईत असते. तिचा फोन आला, “मामा, आजीला घेऊन या. मी बोटीचं बुकिंग करतो.” आठ वर्षं दुबईत राहूनही ती ‘करतो’च म्हणते. कोल्हापूरच्या पोरींचं हे बाहेरच्यांना कळत नाही, कळवून घ्यायची त्यांना गरजही नाही. जहाजाचं नाव तिनं सांगितलं, रिसॉर्ट्‌स वर्ल्ड वन. दुबईहून निघून सर बनी यास बेटावर जाऊन दोन रात्रींत परत. मी बरं म्हटलं. आई म्हणाली, “मी न्हाई. मला बोट लागते.”

भाचीनं पाठवलेली माहिती रात्री बघत बसलो होतो. लांबी २६८ मीटर. बांधणी १९९९, मायर व्हेर्फ्ट, पापेनबुर्ग, जर्मनी. आकडा कुठंतरी ऐकल्यासारखा वाटला. खाली एक ओळ होती, आयएमओ क्रमांक ९१४१०७७.

उठून डबा काढला.

गाडीला चासी नंबर असतो तसा जहाजाला हा नंबर. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं १९८७ मध्ये ही पद्धत स्वीकारली, १९९६ पासून ती सक्तीची झाली. जहाजाचं नाव बदलो, मालक बदलो, झेंडा बदलो, नंबर भंगारात जाईपर्यंत तोच. पुढं नियम आला की तो अंगावर ठळक दिसेल असा कायमचा उमटवायचा. आप्पांनी बहुतेक मागच्या बाजूला नावाखाली वाचून उतरवून घेतला असणार. गाडी समोर आली की आधी नंबर टिपायचा, ही हाताची सवय. नंबराचा शेवटचा आकडा तपासणीचा असतो. पहिल्या सहा आकड्यांना ओळीनं ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा एकम् म्हणजे सातवा आकडा. मी डायरीच्या पानावरच पेन्सिलीनं केली. त्रेसष्ट, सहा, वीस, चार, शून्य, चौदा. १०७. एकम् सात. आप्पांनी बरोबर लिहिलं होतं.

मग दोन-तीन रात्री त्या जहाजाचा माग काढण्यात गेल्या. हे माझं व्यसन म्हणा. पापेनबुर्ग हे समुद्रकाठचं गावच नाही. ते एम्स नदीवर, बरंच आत आहे. तिथं एवढाली जहाजं बांधतात आणि मग त्या चिंचोळ्या नदीतून, भरतीची वेळ साधून, पाठमोरी ओढत समुद्रापर्यंत नेतात. पंचगंगा घाटावर जहाज बांधायचं आणि नरसोबाच्या वाडीकडं उलटं ढकलत न्यायचं, असा प्रकार. थोरली बहीण सुपरस्टार लिओ १९९८ ची, ती पुढं नॉर्वेजियन स्पिरिट झाली. आपली व्हर्गो २०१९ मध्ये गोदीत जाऊन एक्सप्लोरर ड्रीम होऊन बाहेर आली. म्हणजे आमचं घर आणि हे जहाज एकाच वर्षी उघडलं गेलं. करोनात जगभरची जहाजं नांगर टाकून पडली असताना जुलै २०२० मध्ये ती तैवानच्या किलुंगहून पुन्हा प्रवासी घेऊन निघाली, तसं करणाऱ्या अगदी पहिल्या मोठ्या जहाजांपैकी ती एक. २०२२ च्या जानेवारीत मूळ कंपनीच बुडाली. पुढच्या वर्षी तिसरं नाव मिळालं आणि त्याच नोव्हेंबरात दुबईचं बंदर.

वाचली, हे नशीब. तिच्याच कुटुंबातली सुपरस्टार लिब्रा २००५ मध्ये मुंबईला आली होती तेव्हा पेपरांत केवढे फोटो आले होते. ती शेवटी तुर्कस्तानात तोडली गेली. २०१९ ला मुंबईहून सुटू लागलेली कर्णिका पुढच्याच वर्षाअखेर अलंगच्या वाळूवर लागली. अलंग हे नाव उद्यमनगरात सगळ्यांना माहीत असतं. भंगाराचा भाव तिथून हलतो.

आईला मी म्हटलं, “आपलं जुनंच जहाज आहे. आप्पांचं.” ती काही बोलली नाही. बॅग भरायला घेतली एवढं खरं. भडंग, कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी, आणि पर्समध्ये एक लहान डबी.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून दुबई. ते सोडा.

धक्क्यावर भाचीनं फोनचा कॅमेरा ताणून मागच्या टोकाचा फोटो काढला. नाव वेगळं, रंगरंगोटी वेगळी, आणि खाली बारीक तेच सात आकडे. मी आईला दाखवला. “बरं,” ती म्हणाली, “आता मला बसायला खुर्ची बघ.”

आत पाऊल टाकलं आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिना. गालिचा तो नव्हे. दिवे ते नव्हेत. तेव्हाचा उजेड तुपासारखा पिवळा होता, आता सगळीकडं चांदणं पाडल्यासारखं. पार्थेनॉनची पाटी शोधली, सापडली नाही. ताज शोधलं, तेही नाही. खास सूटवाल्यांसाठी आता ‘पॅलेस’ नावाचा वेगळा भाग आहे, त्याच्या दारापाशी हसतमुख पोरगी उभी असते आणि आपलं कार्ड बघून तितक्याच हसतमुखानं दुसरी वाट दाखवते. मधला चौक होता, पण मला आठवत होता त्यापेक्षा लहान. हा दोष चौकाचा नव्हे हे मलाही कळतं. पंधरा वर्षांत कोल्हापुरातही मॉल आले, काचेच्या लिफ्ट आल्या.

भाची बिचारी उत्साहानं एकेक दाखवत होती आणि मी प्रत्येक ठिकाणी ‘इथं तेव्हा...’ असं सुरू करत होतो. तिसऱ्यांदा झाल्यावर ती म्हणाली, “मामा, तुम्ही गाइड व्हा की इथं. जे न्हाई ते दाखवायचा.”

जिने मात्र पायांनी ओळखले. डोळ्यांच्या आधी. किती पायऱ्यांनंतर वळण येतं हे गुडघ्यांना माहीत होतं. त्याला कारणही आहे. आग लागली तर ती एका टोकाकडून दुसरीकडं पसरू नये म्हणून प्रवासी जहाजाचे उभे कप्पे पाडलेले असतात, आगीला दाद न देणाऱ्या भिंतींचे. जिन्यांचे भुयारासारखे उभे मार्ग या रचनेतच बसवलेले असतात. नूतनीकरणात गालिचे, पडदे, भिंतींचे मुलामे, नावं, खुर्च्या सगळं बदलतात, पण हा सांगाडा सहसा कुणी हलवत नाही. हलवायचा म्हटलं तर नवं जहाज बांधणं परवडेल. आप्पा ट्रक ओव्हरहॉल करून देताना गिऱ्हाइकाला हेच सांगायचे. पिस्टन नवे, लायनर नवे, रिंगा नव्या. गिऱ्हाईक कुरकुरायचं, मग माझं इंजिन राहिलं कुठं? “ब्लॉक तोच हाय न्हवं?” आप्पा म्हणायचे. “मग इंजिन तेच.”

आणि ब्लॉकच गेला तर? दुबईहून परतलो त्याच वर्षी, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये खुलं केलेलं पॅलेस थिएटर. ज्वाळा घरच्या गच्चीवरून दिसत होत्या आणि गल्लीतली माणसं मयताला जमावं तशी गप्प उभी होती. दुसऱ्या दिवसापासून गावाचं एकच म्हणणं, होतं तसंच बांधा. मीही तेच म्हणत होतो. आई म्हणाली, “होतं तसंच बांधतील, बायकांच्या मुतारीपास्नं. ते तेवढं तरी बदला म्हणावं.” मी तिथं शंभर नाटकं पाहिली असतील. मध्यंतरात बायकांची रांग कुठंपर्यंत जाते ते कधी पाहिलं नव्हतं.

पण मी जहाजावर होतो.

रात्री जेवायला गेलो. भारतीय माणसांची इतकी गर्दी की एका टेबलावर गुजराती, दुसऱ्यावर मल्याळी, तिसऱ्यावर आम्ही. आईनं पर्समधून चटणीची पुडी काढून पनीरवर भुरभुरली, शेजारच्या टेबलावरच्या बाईनं बघितलं, आईनं पुडी तिकडं सरकवली. पाच मिनिटांत दोघींची ओळख. मी तेवढ्यात एक चमचा खिशात घातला.

सगळे झोपल्यावर सातव्या मजल्यावर गेलो. वाट तीच, होड्या तशाच डोक्यावर. मागचं टोक. खारट, तेलकट वारा. तेच घुसळलेलं पाणी, काळ्यावर पांढरं. चमच्याची वाटी भिंतीला लावली, दांडी कानामागं. आधी काहीच ऐकू येईना, नुसतं माझं रक्त. मग लागलं. खालून, फार खालून, घूं. मधूनच एक बारीकशी थरथर, जी मला पहिल्या वेळची आठवत नव्हती. पंचवीस वर्षांचं वय झालंय म्हटल्यावर तेवढं असणारच. आप्पांना ती लगेच कळली असती, आणि ती कशाची हेही. मला नुसती ऐकू आली.

खोलीत आलो तर आई बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेली. भाचीनं मुद्दाम बाल्कनीची खोली घेतली होती.

“झोपली नाहीस? उलटी वगैरे?”

“काय न्हाई. बरं वाटतंय. वारं लागतंय.” थोड्या वेळानं म्हणाली, “तुला आवडलं न्हाई न्हवं हे?”

“तसं नाही. पण पहिलं जहाज...”

“पहिलं कुठलं? मी कुठं बघितलं पहिलं?”

मी गप्प.

“दोन दिवस मी त्या डबीत पडून होतो. खिडकी न्हाई, वारं न्हाई. छताला चौदा भोकं होती. मोजली मी. तुझं आप्पा दारातनं ‘बरं हाय का’ म्हणायचे न् जायचे. तू त्यांच्या मागं. बापलेक जत्रेला आल्यागत.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ओट्याच्या उंचीबद्दल बोलली होती तोच स्वर. समुद्र तेव्हा शांत होता, एवढं मोठं जहाज फारसं हलतही नव्हतं, मग हिलाच कसं लागलं, असं आम्ही नंतर कित्येक वर्षं चारचौघांत हसत सांगायचो. आता माहीत आहे. कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, आणि बिनखिडकीच्या खोलीतले डोळे म्हणतात भिंत तर स्थिर आहे. या भांडणात पोट ढवळतं. क्षितिज दिसलं की भांडण मिटतं. म्हणजे तिला जहाजाच्या पोटातून उचलून कुणीतरी बाहेर आणायला हवं होतं, एवढंच. सातव्या मजल्यावर, मागच्या टोकाला, वाऱ्यात. तिथं आम्ही दोघं उभे होतो.

ती केव्हाच झोपली. मला छत दिसत होतं. गुळगुळीत होतं, भोकं नव्हती.

सकाळी बेटावर उतरलो. सर बनी यास म्हणजे शेख झायेद यांनी राखलेलं अभयारण्य, अरबी ओरिक्स नावाचं पांढरं, लांब शिंगांचं काळवीटासारखं जनावर तिथं जपलेलं आहे. ते आम्हाला दिसलं नाही. वाळू दिसली. आई पाण्यात घोट्यापर्यंत गेली आणि साडी वर धरून भाचीकडून फोटो काढून घेतले, त्यातला एक आता तिच्या फोनवर लावलेला आहे. मी चपला हातात धरून उभा होतो.

संध्याकाळी जहाज निघालं तेव्हा ती म्हणाली, “चल, ते कुठं उभे ऱ्हायचे दाव.”

हळूहळू नेलं. ती कठड्याला धरून उभी राहिली. बराच वेळ खाली बघत होती. सूर्य खाली आला होता, फेस लालसर दिसत होता.

“हेच बघत होते? दोन दिवस?”

“हेच. आणि इंजिन ऐकत होते. चमच्यानं.”

“चमच्यानं,” ती म्हणाली, जणू यात नवीन काहीच नव्हतं. आमच्या घरात कुकरची शिट्टी बिघडली तरी आप्पा आधी कान लावायचे.

मला डायरी आठवली. पानाचा फोटो फोनवर होता. मोठा करून तिला दाखवला, चष्मा दिला. तिनं नंबर वाचला. मजले वाचले. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

“लिंबू?”

आणि तेव्हाच माझ्या डोक्यात पडलं. बोट लागली की लिंबू चोखायला देतात. आप्पांना लिंबाला इंग्रजीत काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. ते विचारायचं म्हणून, की विसरू नये म्हणून, लिहून ठेवलं असणार. मधूनच ते ‘आलोच’ म्हणून कुठं कुठं जायचे, अर्ध्या-अर्ध्या तासानं परत यायचे, हात रिकामे. मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, इंजिनरूमकडं जायची वाट शोधत असतील.

“तुझ्यासाठी,” मी आईला म्हटलं. “लिंबू शोधत होते ते. तुझ्यासाठी.” माझा आवाज जरा चढलाच. एवढ्या वर्षांनी पुरावा सापडल्यासारखं झालं होतं.

आईनं पान पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पदरानं पुसला.

“मी लिंबू कुठं मागितलंतं?” ती म्हणाली. “आवळासुपारी मागितलीती. घरातनं आणलेली, त्यांच्याच पिशवीत होती.”

मग तिनं पर्समधली ती लहान डबी काढली, झाकण उघडून माझ्यापुढं धरली.

“घे एक. तुझंच तोंड उतरलंय.”